शंकेला वेळ लागतो

३ तारीख, सोमवार

आज दुकान बंद. बाबा दवाखान्यातून घरी आल्यापासून पहिल्यांदाच दुपारी टेकायला मिळालं. हे आतल्या खोलीत नकाशांवर वाकलेले आहेत. ह्यांचं ऑफिस आता घरातच, आणि काम चालू असताना टाचणी पडलेलीही ह्यांना खपत नाही. म्हणून बोलायचं ते लिहिते आहे. कुणाशी तरी बोलायला हवंच ना, नाहीतर पोट फुगून मरायची मी.

बाबा म्हणजे माझे सासरे. सारी हयात कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, तेही इंग्रजीतून. सगळं गाव त्यांना 'सर' म्हणतं. पक्षाघाताने उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. अगदी गेली असंही नाही. मराठी एक शब्द उरला नाही, इंग्रजीतले पाचसहा तेवढे राहिलेत. सर्टन. प्रॉबेबल. बिलीफ. डाउट. इम्पॉसिबल. तहान लागली तर कामाचे नाहीत, भूक लागली तर नाहीत. घर वाहून जावं आणि दारावरची पाटी तेवढी राहावी, तशातली गत.

बोलणं शिकवायला आठवड्यातून एकदा एक बाई येतात, मी त्यांना स्पीचबाई म्हणते. त्या म्हणाल्या, जे शब्द माणसाने जन्मभर वापरले ते कधीकधी मागे राहतात, त्यात अर्थ शोधत बसू नका. मान हलवतात त्यावरही भरवसा ठेवू नका, हो म्हणायचं असतं आणि मान नाही म्हणते. हे म्हणाले, "बरळणं आहे सगळं. तू लक्षच देऊ नकोस."

दिवसा बाबांपाशी एक मदतनीस असतात. अंग पुसताना, कूस बदलताना सारखी शिट्टी वाजवतात, म्हणून शिट्टीदादा. बाबा त्यांच्याकडे बघून अर्ध्या तोंडाने हसतात. त्यांना हाक मारता येत नाही, म्हणून मी त्यांच्या चांगल्या हाताशी एक स्टीलचा चमचा ठेवलाय. काही हवं असलं की तो पलंगाच्या कठड्यावर वाजवतात.

५ तारीख, बुधवार

मी आज हवेत आहे! चष्म्याच्या दुकानात मी डोळे तपासते. मालकांनी बोलावून सांगितलं, की डोळ्याच्या मागच्या पडद्याचा फोटो काढणारं नवं मशीन येणार आहे आणि ते शिकायला मला पाठवणार. चार दिवस बाहेरगावी, तेवीस तारखेला रविवारी निघायचं. माझ्याहून जुनी माणसं आहेत दुकानात. पण मालक म्हणाले, "गिऱ्हाईक खरं सांगतंय की मनचं, ते तुम्हाला बरोबर कळतं."

त्यात काही जादू नाही. भिंगं बदलत "आता बरं की आधी बरं" असं विचारताना मी मध्येच तेच भिंग पुन्हा लावते. निम्मी माणसं मला बरं वाटावं म्हणून "आता बरं" म्हणतात. चांगल्या मनाची माणसंच जास्त फसतात यात.

संध्याकाळी ह्यांना सांगायच्या आधी मी गॅसवरचं उकळतं भांडं उतरवून मागच्या ओट्यावर सरकवलं. जुनी सवय आहे माझी, ह्यांना काही सांगायचं असलं की आधी गॅसवरचं उतरवायचं. कामं आटोपून बोललेलं बरं. पण आज उगीचच घाबरले होते. हे म्हणाले, "जा की. बाबांना मी बघतो." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस कधी गोड बोलेल आणि कधी नाही, याचा मला अजून अंदाज येत नाही. स्वभाव तापट, पण मनात काही नसतं.

७ तारीख, शुक्रवार

सकाळी बाबांचा सदरा बदलताना डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला काळेनिळे डाग दिसले. शेजारी शेजारी चार. काल गुरुवार, शिट्टीदादांची सुट्टी. मी दुकानात होते, घरी हेच होते बाबांपाशी. बुधवारी रात्री मीच सदरा चढवला होता, तेव्हा डाग नव्हते, की मला दिसले नाहीत? दिवे मंद आहेत त्या खोलीत.

"बाबा, दुखतंय का हो?"

"सर्टन."

"पडलात की काय?"

"इम्पॉसिबल."

"मग कठड्याला लागलं?"

"इम्पॉसिबल."

क्षणभर वाटलं, बाबा तर उत्तर देताहेत! मी धावत जाऊन ह्यांना सांगितलं. हे पेन्सिल खाली ठेवून आले, डाग बघितले आणि म्हणाले, "कूस बदलताना त्या शिट्टीवाल्याने आवळलं असणार. डाग काय त्याच दिवशी उमटतात? ही माणसं दिसतात तशी नसतात." मला शिट्टीदादांचे रुंद पंजे आठवले. ते पंजे बघून मला आधी बरं वाटायचं, की बाबांना सहज उचलतील.

९ तारीख, रविवार

दुकानात गर्दी होती, पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका आजोबांच्या डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याला लिहिला. नशीब, लगेच लक्षात आलं.

घरी यायची भीती वाटायला लागली आहे. जिना चढून आले की मी लगेच कुलपात किल्ली घालत नाही. आधी दाराला कान लावून उभी राहते. आतून शिट्टी ऐकू आली की किल्ली हातातच राहते, आणि नाही आली तरी राहते.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या पुस्तकांच्या दुकानातून शब्दकोश मागून आणला आणि बाबांचे शब्द बघितले. माझं इंग्रजी म्हणजे चष्म्याच्या नंबरापुरतं. सर्टन म्हणजे खात्री, हे सरळ आहे. प्रॉबेबल म्हणजे बहुधा. डाउट म्हणजे शंका. पण बिलीफपुढे समजूत, विश्वास, श्रद्धा, सगळंच दिलंय. आता समजूत आणि श्रद्धा एका घरात नांदतात तरी कशा? श्रद्धा असलेल्या माणसाला 'तुझी समजूत आहे ती' असं म्हणून बघा, डोकं फोडेल. बाबा बरे असते तर त्यांना विचारलं असतं. बरे होते तेव्हा मी त्यांना "चहा ठेवू?" याच्या पलीकडे काही विचारलं नाही. त्यावर ते काय म्हणायचे तेही आठवत नाही, कारण उत्तराची वाट न बघताच मी आधण ठेवलेलं असायचं.

१० तारीख, सोमवार

सुट्टीचा फायदा घेऊन आज शिट्टीदादांवर पाळत ठेवली. दाराच्या फटीतून बघत होते. स्वतःच्याच घरात चोरासारखी! ते बाबांच्या पाठीखाली टॉवेल सरकवतात, टॉवेलच्या दोन्ही बाजू धरून "चला सर, आलो, आलो" म्हणत उचलतात. अंगाला बोटही रुतत नाही. मी बघतेय ते त्यांना कळलं असेल. साळसूद माणसं जास्त सावध असतात, असं हे म्हणतात.

संध्याकाळी हे बाबांच्या खोलीत आले. मी पुन्हा म्हटलं, की अहो, बाबांना कळतं असं वाटतं मला. हे हसले. "कळतं? थांब, दाखवतो." आणि बाबांच्या तोंडापुढे वाकून म्हणाले, "बाबा, मी तुमचा मुलगा आहे का?"

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. किती तरी वेळ. बाहेर कुणी तरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होऊन निघून गेली, तरी बघतच होते. मग म्हणाले, "डाउट."

"बघितलंस?" हे म्हणाले. पण हसू मावळलं होतं आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आपल्या बापाला आपली ओळख पटू नये, कुणालाही लागणारच. मलाच वाईट वाटलं ह्यांचं. रात्री जेवताना मी ताटाचा आवाजसुद्धा होऊ दिला नाही.

१४ तारीख, शुक्रवार

आज बाबांचा खालचा ओठ फुटलेला होता.

काल रात्री मला यायला उशीर झाला, बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. सकाळी शिट्टीदादा आले आणि त्यांनीच मला हाक मारली. "वहिनी, इकडे या. हे परवा मी गेलो तेव्हा नव्हतं."

माझ्या डोक्यात सणकच गेली. चोराच्या उलट्या बोंबा! मी काही बोलायच्या आत हे बाहेर आले आणि म्हणाले, "आजपासून येऊ नका." शिट्टीदादा भांडले नाहीत. तोंड उतरलं तेवढं. आतून बाबा कठड्यावर चमचा वाजवत होते, नेहमीसारखं नाही, एकसारखं, आणि ओरडत होते, "इम्पॉसिबल! इम्पॉसिबल!" मी धावत गेले, पाठीवरून हात फिरवला, म्हटलं, शांत व्हा, गेले ते, आता कुणी त्रास देणार नाही. तर त्यांनी माझा हात झटकून टाकला. मेंदूच्या आजारात माणूस आपल्याच माणसावर उलटतो म्हणतात.

शिट्टीदादा चपला घालताना हळूच म्हणाले, "वहिनी, सरांना एकटं ठेवू नका."

एकटं कसं ठेवू? हे आहेत की घरी दिवसभर.

१५ तारीख, शनिवार

घर फार शांत झालंय. चमचाही वाजत नाही. विचारलं तर हे म्हणाले, सारखी टणटण करतात, काम होत नाही, म्हणून काढून ठेवला. बाबांना काही हवं असलं तर? "मी बघतो ना अधूनमधून." आवाज चढला होता, म्हणून पुढे विचारलं नाही.

१७ तारीख, सोमवार

स्पीचबाई येऊन गेल्या. चित्रं दाखवून "हे काय, ते काय" असं विचारलं. बाबा गप्प. हे शेजारीच खुर्ची टाकून बसले होते. बाईंनी ओठाबद्दल विचारलं, तर ह्यांनीच सांगितलं, की आधीच्या मदतनिसाचा प्रताप. बाईंनी च्‌ च्‌ केलं.

भाजी आणायला गेले होते, परत आले आणि पुन्हा दाराला कान लावून उभी राहिले. शिट्टीदादा जाऊन तीन दिवस झाले, तरी सवय जात नाही. मनच भित्रं माझं. रविवारी निघायचंय आणि बॅग काढायचं मनात येत नाही. एवढी हवी असलेली गोष्ट, आणि आता रविवार येऊ नये असं वाटतं. मालकांपुढे चुकीचं काही केलं तर, या धास्तीनं असेल.

१८ तारीख, मंगळवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, नाहीतर उद्या मीच म्हणेन की असं काही झालं नाही.

रेडिओवर बातम्या वाचणाऱ्या बाई आज दुकानात आल्या. आवाजावरूनच ओळखलं. त्या म्हणाल्या, "डोळे तर तपासायचेच आहेत, पण तुम्ही आमच्या सरांच्या सूनबाई ना? त्यांची चौकशी करावी म्हणून मुद्दाम इथे आले." मी थोडक्यात सांगितलं. वाचा गेली म्हणताच त्यांचे डोळे भरले, मग तपासायला थोडं थांबावं लागलं.

मी भिंग बदललं. "आता बरं की आधी बरं?"

"आता बरं... प्रॉबेबल!" आणि बाई हसल्या. "सॉरी हं. सरांचा विषय निघाला की जीभ तिकडेच वळते."

माझा हात तसाच राहिला. मी विचारलं, असं का म्हणालात.

"सरांच्या वर्गात हो आणि नाही म्हणायला बंदी होती. काहीही विचारलं की त्यावर तुमचा किती भरवसा आहे ते सांगायचं. स्वतः बघितलं असेल, पडताळलं असेल, तर सर्टन. दुसऱ्यानं सांगितलं आणि पटलं, तर बिलीफ. नुसता अंदाज असेल तर प्रॉबेबल. होणंच शक्य नसेल तर इम्पॉसिबल. 'पाऊस पडतोय का' विचारलं आणि 'हो' म्हटलं, की उभं करायचे. खिडकीतून बघून सर्टन म्हणायचं, मग बसायचं. आणि उत्तर पटलं तरी शाबास नाही म्हणायचे. डस्टर टेबलावर एकदा आपटायचे. त्या एका टकसाठी आम्ही जीव टाकायचो!"

"आणि डाउट?" मी विचारलं.

"त्याचा नियम कडक. डाउट पटकन म्हटलेलं चालायचं नाही. आधी गप्प राहून विचार करायचा, मग म्हणायचं. सर म्हणायचे, शंकेला वेळ लागतो. झटकन आली तर ती शंका नव्हे, पळवाट." बाई चष्म्याची चौकट नाकावरून काढत म्हणाल्या, "घरीसुद्धा हेच चालायचं म्हणे. वर्गात कौतुकानं सांगायचे, माझा मुलगा एवढासा आहे, पण भूक लागली का विचारलं की सर्टन म्हणतो."

मी त्यांचा नंबर लिहिला. कसा लिहिला देव जाणे. उद्या बोलावून पुन्हा तपासते.

म्हणजे बाबा बरळत नव्हते. आणि ह्यांना ते माहीत होतं.

विसरले असतील का हे? माणूस लहानपणचं विसरतो. मी माझ्या शाळेच्या बाईंचं नाव विसरले आहे. पण भूक लागल्यावर जे म्हणायचं, ते कुणी विसरतं का?

१९ तारीख, बुधवार

सकाळी हे नकाशे पोचवायला बाहेर पडले. दार लागल्याचा आवाज आला आणि मी बाबांच्या पलंगावरच बसले.

"बाबा, पाणी हवंय?"

"सर्टन."

दोन पेले प्याले, घोट घोट करत. मी रडत होते आणि पाजत होते. इतके दिवस रोज विचारायचे, ते 'सर्टन' म्हणायचे, आणि मी स्वतःशी म्हणायची, झालं सुरू, आणि माझ्या वेळेला पाणी द्यायची. मला माझी लाज वाटली.

मग मी दुकानातली युक्ती केली. ज्यांची उत्तरं मला माहीत आहेत असे प्रश्न, आणि तेच पुन्हा उलटसुलट. खिडकी उघडी आहे? "सर्टन." आज बुधवार आहे? "बिलीफ." बरोबरच, त्यांना इथून कॅलेंडर कुठे दिसतं, मी सांगते त्यावरच त्यांचा वार. मी तुमची आई आहे? "इम्पॉसिबल," आणि अर्ध्या तोंडाने हसले. खिडकी बंद आहे? "इम्पॉसिबल." एकदाही चुकले नाहीत. आमच्या दुकानात इतकं नेमकं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही.

मग विचारलं, "शिट्टीदादांनी तुम्हाला मारलं?"

"इम्पॉसिबल."

मध्ये दोन दुसरेच प्रश्न विचारून पुन्हा तेच विचारलं. "इम्पॉसिबल!" या वेळी चांगला हात गादीवर आपटला.

तेवढ्यात जिन्यात ह्यांची पावलं वाजली आणि मी पेला घेऊन स्वयंपाकघरात पळाले. आता खरं लिहायचंच झालं, तर ती पावलं वाजली नसती तरी पुढचा प्रश्न मी विचारला नसता. विचारला नाही तोवर तो नसतो.

२० तारीख, गुरुवार

डोकं दुखतंय म्हणून रजा घेतली. हे म्हणाले, "घरी राहून काय करणार आहेस?" मी म्हटलं, पडून राहीन. दुपारपर्यंत हे घरातून हललेच नाहीत. चार वाजता खालच्या छपाईच्या दुकानात नकाशे छापून आणायला गेले.

मी बाबांच्या खोलीत गेले. दार लोटलं. "बाबा," म्हटलं, "ह्यांनी...?"

"डाउट."

माझं वाक्यही पुरं झालं नव्हतं. पोरांना शंकेसाठी जन्मभर गप्प उभं करणारा माणूस क्षणभरही थांबला नाही.

"बाबा, तुम्ही थांबला नाहीत."

"डाउट. डाउट. डाउट." घाईघाईनं, एकावर एक. चांगल्या हाताने माझं मनगट धरलं आणि सारखं थोपटत राहिले, जणू मलाच समजावत होते. डाव्या डोळ्यातून पाणी कानावर उतरत होतं. ज्या मुलाला त्यांनी एवढ्याशा वयात खऱ्याच्या पायऱ्या मोजायला लावल्या, त्याच्यासाठी ते खोटं बोलत होते, आणि नीट जमतही नव्हतं त्यांना.

मी त्यांचे डोळे पुसले. मग विचारलं, "तुम्हाला भीती वाटते?"

या वेळी मात्र थांबले. मग म्हणाले, "सर्टन."

आणि माझ्याकडे बघत राहिले. वर्गात पुढच्या बाकावरच्याला तोच प्रश्न विचारावा, तसे. मी नजर चुकवली आणि चादर सारखी केली.

२१ तारीख, शुक्रवार

मालकांना सांगितलं, की मी जात नाही, दुसऱ्या कुणाला पाठवा. ते नाराज झाले. पुन्हा अशी संधी येईल असं वाटत नाही. वाईट वाटलं, खूप वाटलं, मशीनच्या माहितीपुस्तकावरून हात फिरवून ठेवून दिलं.

तिथून तशीच शिट्टीदादांच्या घरी गेले. ते अंगणात सायकल पुसत होते. मी माफी मागितली. त्यांनी फडकं खाली ठेवलं. मग म्हणाले, "सर कसे आहेत?" मी म्हटलं, उद्यापासून याल का. "येतो. आणि गुरुवारची सुट्टी नको मला." मी म्हटलं, गुरुवारी मी घरी असेन, सुट्टी घ्या तुम्ही. त्यावरून आमचा जरा वाद झाला.

बातम्यांच्या बाईंनाही फोन केला. सगळं नाही सांगितलं. म्हटलं, सरांना कळतं, दर आठवड्याला येऊन त्यांच्याशी बोलाल का. त्या म्हणाल्या, उद्या संध्याकाळीच येते.

२२ तारीख, शनिवार

शिट्टीदादांना मी दुपारीच बोलावलं. ते बाबांच्या खोलीत बसल्यावर, आणि बाई यायच्या वेळेच्या जरा आधी, मी ह्यांना स्वयंपाकघरात हाक मारली. मुद्दाम खुर्चीत बसले नाही, दाराकडे पाठ करून उभी राहिले.

म्हटलं, "मी उद्या जात नाही. शिट्टीदादा परत आलेत, आता रोज असतील. गुरुवारी मी घरी असेन."

"कुणाला विचारून?"

"बाबांना."

"ते बरळतात. किती वेळा सांगू तुला?"

"लहानपणी तुम्हाला भूक लागली, की तुम्ही काय म्हणायचात?"

ह्यांचा चेहरा पांढरा झाला. बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मग जे बोलले, ते मला नाही, टेबलाला. "ताट समोर ठेवून विचारायचे. सर्टन, की नुसतं बिलीफ? नीट सांगितल्याशिवाय घास नाही. एकदा तरी मला नुसतं हो म्हणू द्यायचं होतं. एकदा. आणि आता तिथे पडूनसुद्धा तेच. मी पाणी विचारलं तरी तेच!" आवाज फाटला होता. ते खोटं बोलत नव्हते. मला ह्यांची दया आली, आणि भीती जरासुद्धा कमी झाली नाही. दोन्ही एकाच वेळी वाटतं, हे मला माहीत नव्हतं.

मग एकदम वर बघून म्हणाले, "मुद्दाम नाही केलं मी. हात सुटला. पुन्हा नाही होणार. तुझा विश्वास आहे ना माझ्यावर?"

मी उत्तर दिलं नाही. नळ ठिबकत होता. आतल्या खोलीतली शिट्टी मध्येच थांबली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी का गप्प आहे ते माझ्याही आधी ह्यांना कळलं. तो नियम माझ्यापेक्षा ह्यांना जुना.

"डाउट," मी म्हटलं.

ह्यांचा हात वर आला. खरंच आला. मी डोळे मिटले नाहीत. मग तो खुर्चीच्या पाठीवर आपटला, खुर्ची आडवी झाली आणि हे माझ्या बाजूनं वाट काढून बाहेर निघून गेले. जिन्यात बातम्यांच्या बाईंशी टक्कर होता होता राहिली म्हणे.

मी खुर्ची उचलली. चहा टाकावा म्हणून वळले, तर गॅसवर काहीच नव्हतं. आमटीचं उकळतं पातेलं मागच्या ओट्यावर, भिंतीला टेकवून, कडी आतल्या बाजूला, ह्यांच्या हाताला लागणार नाही असं. ते मी कधी उतरवलं, मला आठवत नाही. ह्यांना हाक मारायच्या आधीच उतरवलं असणार. दर वेळी उतरवते तसं. इतकी वर्षं.

तिथंच ओट्याला धरून उभी राहिले. बाईंचा आवाज आतून येत होता, बातम्यांतला नाही, विद्यार्थिनीचा. मी कपाटावरून चमचा शोधून काढला आणि बाबांच्या हातात दिला.

म्हटलं, "बाबा, परवा तुम्ही मला विचारलंत ना, भीती वाटते का म्हणून. सर्टन. आजचं नाही, पहिल्यापासून."

बाबांनी चमचा उचलला आणि कठड्यावर एकदा आपटला.